घोडं टक्क्यांपाशी पेंड खात नाही

प्रश्न असा आहे: दोन्ही बॉक्सर लढायला तयार, जगभरचे प्रेक्षक पैसे मोजायला तयार, मिळणारी रक्कम सात पिढ्यांना पुरेल एवढी, तरी मोठ्या लढती पैशावरून का फिसकटतात? फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीला पाच वर्षं का लागली? साठ-चाळीसच्या जागी पंचावन्न-पंचेचाळीसवर दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी बावीस वर्षं खेळाडूंचे आणि स्पर्धांचे करार लिहितोय. त्याआधी राज्य पातळीपर्यंत हौशी बॉक्सिंग खेळलो. माझ्या हातून गेलेल्या लढती छोट्या, पण करारातली कलमं मोठ्या लढतींसारखीच असतात, फक्त शून्यं कमी. त्यामुळे बातमीत "टक्केवारीवरून बोलणी फिसकटली" असं वाचलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: टक्के कशाचे? बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खात असतं.

आधी आपल्याकडची गोष्ट सांगतो, म्हणजे फरक लगेच कळेल. जत्रेच्या कुस्ती मैदानात जोड कोण ठरवतं? गावची कमिटी. इनाम आधी जाहीर होतं. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, हे पैलवानानं विचारायचं कारणच नसतं, कारण त्याचा आकडा त्या हिशोबावर अवलंबून नाही. मैदान कमिटीचं, जोखीम कमिटीची, वहीही कमिटीची. पैलवानाला बोललेलं इनाम मिळालं की विषय संपला.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही कमिटीच नाही. लीग नाही, वेळापत्रक नाही, "अमुक तारखेला तुम्ही दोघं लढायचं" असं सांगणारं कुणी नाही. जागतिक संघटना चार, त्यांचे विजेतेपदाचे पट्टे चार, आणि प्रत्येक संघटना आपल्या पट्ट्यासाठी मानधनातून साधारण तीन टक्क्यांच्या आसपास फी घेते. प्रत्येक मोठा बॉक्सर कुठल्या ना कुठल्या प्रमोटरशी, म्हणजे लढती भरवणाऱ्याशी, बांधलेला आणि प्रमोटर कुठल्या ना कुठल्या टीव्ही कंपनीशी. म्हणजे लढत ठरवायची तर एकमेकांचे धंद्यातले वैरी असलेल्या दोन दुकानदारांनी एका दिवसापुरतं एकच दुकान मांडायचं. गल्ला कुणी सांभाळायचा, हा भांडणाचा पहिला मुद्दा. वाटणी त्याच्यानंतर येते.

आता हिशोब मांडून बघू. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण रचना खरी आहे. समजा लढत टीव्हीवर बघायला दहा लाख घरांनी विकत घेतली, प्रत्येकी ८० डॉलर देऊन. जमा झाले ८ कोटी डॉलर. यातला ढोबळमानानं निम्मा भाग केबल आणि सॅटेलाइटवाले ठेवून घेतात. राहिले ४ कोटी. तिकीटविक्रीचे २ कोटी धरा. झाले ६ कोटी. आता खर्च: सभागृहाचं भाडं, जाहिरात, विमा, प्रवास, हॉटेलं, आधीच्या छोट्या लढतींतल्या बॉक्सरांचं मानधन, संघटनांची फी. खर्च दीड कोटी दाखवला तर वाटायला साडेचार कोटी उरतात. त्याचे ४५ टक्के म्हणजे २ कोटी अडीच लाख. खर्च २ कोटी २० लाख दाखवला तर उरतात ३ कोटी ८० लाख, आणि त्याचे पूर्ण ५० टक्के म्हणजे १ कोटी ९० लाख.

पन्नास टक्के पंचेचाळीसपेक्षा कमी भरले! बॉक्सरच्या बाजूनं बसणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. प्रेक्षकाला बातमीत फक्त टक्के दिसतात, म्हणून त्याला ते दोन हट्टी माणसांचं भांडण वाटतं.

हे मी अगदी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका छोट्या व्यावसायिक कार्यक्रमानंतर एक बॉक्सर माझ्याकडे आला. करारात त्याला "नफ्याच्या एक तृतीयांश" कबूल केलं होतं. सभागृह भरलं होतं, मी स्वतः खुर्चीत बसून पाहिलं होतं. त्यानं आणलेला हिशोबाचा कागद एक पानाचा होता. जनरेटर, मंडप, हॉटेलच्या चौदा खोल्या, विमानाची नऊ तिकिटं, आणि शेवटी "किरकोळ" म्हणून अडीच लाख. बेरीज बरोबर होती. नफा शून्य, आणि शून्याचा तिसरा हिस्सा शून्य. त्याचा उजवा डोळा अजून सुजलेला होता आणि तो मला विचारत होता, "सर, चौदा खोल्यांत राहिलं कोण?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण खर्चाच्या पावत्या बघायचा हक्क त्याच्या करारात लिहिलेलाच नव्हता. कुठल्या कोर्टात जाणार?

आता हीच गोष्ट वेल्टरवेट या वजनगटातल्या जगातल्या दोन सर्वोत्तम बॉक्सरांच्या बाबतीत बघा. टेरेन्स क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स यांची लढत लोक वर्षानुवर्षं मागत होते. क्रॉफर्ड टॉप रँक या प्रमोटर कंपनीकडे, स्पेन्स तिच्या प्रतिस्पर्धी, अल हेमनच्या पीबीसीकडे. टीव्ही वेगळे, दारं बंद. २०२१ च्या अखेरीला क्रॉफर्ड टॉप रँकपासून मोकळा झाला. म्हणजे मोठा अडसर दूर झाला. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये बोलणी मोडली. तेव्हा क्रॉफर्डनं जाहीरपणे जे सांगितलं ते या विषयात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं होतं की कमी वाटा त्यानं मान्य केला होता, हमीची रक्कमही सोडून दिली होती. त्या बदल्यात त्याला खर्चाचा पारदर्शक हिशोब हवा होता, आणि तो मिळत नव्हता.

हमी सोडणं म्हणजे काय हे लक्षात घ्या. तो सांगत होता, लढत पडली तर मलाही शून्य. जो माणूस नुकसानीत भागीदार व्हायला तयार आहे त्याला वही दाखवायलाच हवी. कुठल्याही साध्या भागीदारीत, अगदी दोघांनी मिळून चालवलेल्या हॉटेलातसुद्धा, यावर दुमत होत नाही. अमेरिकेत २००० सालचा महंमद अली यांच्या नावाचा कायदा आहे. मोठ्या लढतीतून प्रमोटर किती कमावणार आहे आणि बॉक्सरच्या माथी कोणता खर्च मारणार आहे, हे त्यानं बॉक्सरला सांगितलं पाहिजे असं त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण बोलणी चालू असताना, सही व्हायच्या आधी, समोरच्या गटाची वही उघडायची ताकद त्यात नाही. क्रॉफर्ड-स्पेन्स शेवटी २९ जुलै २०२३ ला लास व्हेगासमध्ये झाली आणि क्रॉफर्डनं नवव्या फेरीत ती संपवली. मधल्या काळात स्पेन्सचा २०१९ चा भीषण कार अपघात होऊन गेला होता, २०२१ मध्ये डोळ्याचा पडदा फाटून शस्त्रक्रिया झाली होती. त्या रात्री रिंगमध्ये आलेला स्पेन्स चार वर्षांपूर्वीचा स्पेन्स होता का, हा प्रश्न मला अजून छळतो.

मग हिशोबाच्या कटकटीत पडायचंच कशाला, सरळ ठोक रक्कम का घेत नाहीत? घेतात, आणि घेतली की लढत पटकन ठरते. ८ मार्च १९७१ ची अली-फ्रेझर पहिली लढत घ्या. दोघेही अपराजित. अली नुकताच बंदीतून परतलेला, फ्रेझरकडे विश्वविजेतेपद. कोण मोठा यावर वर्षभर वाद घालता आला असता. पण जेरी पेरेन्चिओ आणि जॅक केंट कुक यांनी दोघांपुढे प्रत्येकी २५ लाख डॉलर ठेवले, समसमान, ठोक. सह्या झाल्या. दोघांना मिळून ५० लाख आणि लढतीतून जमा झाली त्याहून कितीतरी मोठी रक्कम. ती चूक पुढच्या पिढ्यांच्या सल्लागारांनी डोक्यात कोरून ठेवली. त्यामुळे पुढे मोठा बॉक्सर सहसा नुसत्या ठोक रकमेवर समाधान मानेनासा झाला. हमी घेतो आणि वर टक्केही मागतो.

त्याच्या उलट बाजूला २०१८ चं अँथनी जोशुआ-डिऑन्टे वाइल्डर प्रकरण आहे. दोघेही अपराजित हेवीवेट. जोशुआच्या गोटानं वाइल्डरपुढे सव्वा कोटी डॉलर ठोक ठेवले. वाइल्डरच्या गोटानं उलट जोशुआलाच ५ कोटी डॉलरची हमी देऊ केली, एका ई-मेलमधून. तुम्ही विचाराल, ५ कोटी कुणी नाकारतं का? पण माझ्या अशिलाला असा ई-मेल आला तर मी आधी विचारीन की पैसे कुठे आहेत, कुणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला आणि कुठल्या टीव्ही कराराच्या भरवशावर. या धंद्यात आकडा बोलणं आणि इसार भरणं यांत फार अंतर असतं. जोशुआ पोवेत्किनशी लढला. मग जून २०१९ मध्ये अँडी रुइझनं त्याला न्यूयॉर्कमध्ये चार वेळा खाली पाडलं, फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरीनं वाइल्डरला हरवलं, आणि त्या लढतीची किंमत दोघांच्या हातातून निसटली.

बोललेला आकडा आणि भरलेला पैसा यांच्यातला फरक दाखवणारं माझं आवडतं उदाहरण टिओफिमो लोपेझ आणि जॉर्ज कंबोसॉस यांचं. दोन गटांचं जमत नसेल तर संघटना लिलाव पुकारते. बंद पाकिटात बोली येते, जास्त बोलीवाला लढत घेतो, वाटणी संघटनेच्या नियमानं. बॉक्सिंगमध्ये गावकीच्या कमिटीच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच. फेब्रुवारी २०२१ च्या लिलावात ट्रिलर या कंपनीनं ६० लाख १८ हजार डॉलरची बोली लावली. टॉप रँकची त्याच्या निम्मीही नव्हती. मग तारखा पुढे ढकलल्या, जागा बदलल्या, लोपेझला कोविड झाला, पुन्हा तारखा हलल्या. शेवटी ट्रिलरनं करार मोडल्याचं संघटनेनं ठरवलं आणि लढत मॅचरूम या दुसऱ्या प्रमोटर कंपनीकडे गेली, ३५ लाख ६ हजारांना. २७ नोव्हेंबरला ती झाली, कंबोसॉस जिंकला. दोन बोलींत पंचवीस लाख डॉलरचा फरक पडला, आणि दोघांच्या वर्षाचा मोठा भाग वाया गेला.

लिलाव नीट पार पडला तर काय होतं तेही बघा. जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी प्रमोटर फ्रँक वॉरननं ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर बोलले. मॅचरूमच्या एडी हर्ननं ३ कोटी २२ लाख २२ हजार २२२. वाटणी ऐंशी-वीस, त्याआधी दहा टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला. म्हणजे फ्युरीला २ कोटी ९५ लाख ३८ हजार, व्हाइटला ७३ लाख ८४ हजार ५०० आणि विजेत्याला वर ४१ लाख २ हजार ५००. एप्रिलमध्ये लंडनचं वेम्बली स्टेडियम भरलं. वीस टक्के ऐकायला अपमानास्पद वाटतात, व्हाइटनं त्यावर हरकतही घेतली होती. पण आकडा ठोक होता, खर्च वॉरनचा होता, आणि कुणाची वही तपासायची नव्हती. म्हणून ती लढत झाली.

आता ज्या कलमाकडे वाचक सहसा बघतच नाहीत ते: परतीची लढत. पहिल्या लढतीची वाटणी ठरवणं सोपं असतं, कारण आज कोण मोठा हे दोघांनाही ठाऊक असतं. पण छोटा जिंकला तर? दुसऱ्या लढतीत मोठा कोण? मार्च २०२३ मध्ये फ्युरीनं युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकला ७०-३० असं सांगितलं, खरं तर नकारच यावा म्हणून सांगावं तसं. उसिकनं ते मान्य केलं, फक्त युक्रेनला दहा लाख पौंड द्यायची अट घातली. टक्क्यांचा प्रश्न तिथेच संपला. तरीही दोन आठवड्यांच्या आत बोलणी मोडली, आणि मोडली ती परतीच्या लढतीच्या अटींपाशी. टक्के हाच रोग असता तर सत्तर-तीस मान्य झाल्यावर २९ एप्रिलला वेम्बलीत लढत झाली असती. ती व्हायला १८ मे २०२४ उजाडला, रियाधमध्ये. उसिक जिंकला आणि लेनक्स लुईसनंतर हेवीवेटला पहिला निर्विवाद, म्हणजे सगळे पट्टे एकट्याकडे असलेला, विजेता मिळाला.

हेच कलम उलटंही चावतं. मे २०२१ मध्ये फ्युरी-जोशुआ जवळजवळ पक्की होती. फ्युरीनं स्वतः तारीख जाहीर केली, १४ ऑगस्ट, सौदी अरेबिया. दुसऱ्या दिवशी लवादाचा निकाल आला: जुन्या करारानुसार फ्युरीनं वाइल्डरशी तिसरी लढत लढलीच पाहिजे. संपली गोष्ट. सप्टेंबरमध्ये जोशुआ उसिककडून हरला. मी नव्या मुलांना करार शिकवतो तेव्हा हा दिवस आधी सांगतो. आपल्या अशिलाची नवी लढत बांधण्याआधी त्याच्या कपाटातले सगळे जुने कागद वाचा, एकही सोडू नका.

पैसा हा सौद्यात अडसरच असतो असंही नाही. शहाण्या माणसानं तो वापरून लढत घडवलीय. १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डनं मार्विन हॅगलरला पैशात वरचढ राहू दिलं, आणि त्या बदल्यात मागितलं काय? पंधराऐवजी बारा फेऱ्या, वीस फुटी मोठी रिंग आणि दहा औंसांचे ग्लोव्ह्ज. लेनर्ड जवळपास तीन वर्षं लढला नव्हता. त्याला पळायला जागा हवी होती, शेवटच्या तीन फेऱ्या नको होत्या आणि हॅगलरचा ठोसा थोडा मऊ हवा होता. हॅगलरच्या गोटाला वाटलं आपण जास्त पैसे मिळवले. ६ एप्रिलला लेनर्ड जिंकला, तेही दोन पंच एकीकडे आणि एक दुसरीकडे अशा निकालानं. हॅगलर पुन्हा कधी लढला नाही. टेबलावर काय विकलं जातंय हे त्यातल्या एकालाच नेमकं माहीत होतं.

आता मेवेदर-पॅकियाओ, कारण प्रश्नात नाव आहे. पहिल्या वेळी, मार्च २०१० च्या तारखेसाठी, वाटणीवर फारसं अडलं नव्हतं. अडलं रक्ताच्या अचानक चाचण्यांपाशी. २०१२ मध्ये मेवेदरनं फोन करून ४ कोटी डॉलर ठोक देऊ केले, टीव्हीच्या विक्रीत वाटा नाही. पॅकियाओनं नकार दिला आणि माझ्या मते तो बरोबर होता. लढतीचा खरा पैसा टीव्हीच्या विक्रीतच होता. या सगळ्याच्या खाली आणखी एक जुनी जखम होती: मेवेदर कधीकाळी बॉब अरमच्या टॉप रँकचाच होता आणि २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून स्वतःला सोडवून बाहेर पडला होता. अरमच्या हातात आपला गल्ला पुन्हा द्यायचा नाही, हे त्याच्या मनात पक्कं होतं. पॅकियाओ अरमकडे होता. पुढे २०१३ पासून टीव्हीचंही तसंच झालं: मेवेदर शोटाइमकडे, पॅकियाओ एचबीओकडे.

जानेवारी २०१५ मध्ये मायामीत बास्केटबॉलच्या सामन्याला दोघं योगायोगानं भेटले, बोलले, आणि ६०-४० वर ठरलं. २ मे ची तारीख. एवढं होऊनही तिकिटं विक्रीला आली २३ एप्रिलला! लढतीला नऊ दिवस उरलेले आणि सामान्य लोकांसाठी हजारभराच्या आतच तिकिटं. कारण कुणाच्या हातात किती तिकिटं द्यायची यावरच दोन गट अडून बसले होते. टक्के ठरले, सह्या झाल्या, जगभर जाहिरात झाली, तरी गल्ल्याचं भांडण शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू.

अलीकडे सौदीच्या पैशानं चित्र थोडं बदललंय. रियाधमधून दोघांनाही मोठी ठोक रक्कम येते, तिकीट किती खपलं याची फिकीर बॉक्सरला राहत नाही, आणि म्हणूनच फ्युरी-उसिक आणि बिवोल-बेटेरबिएव्हसारख्या लढती उभ्या राहिल्या. हे जत्रेच्या कमिटीचंच रूप आहे, फार श्रीमंत कमिटीचं. पण कमिटीनं हात आखडला की पुन्हा दोन दुकानदार आणि एक गल्ला. त्यामुळे याला मी इलाज म्हणत नाही.

आणि प्रश्नातला शेवटचा भाग, एकेक पाऊल मागे का घेत नाहीत. एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. थांबण्यानं कधी कधी जास्त पैसे मिळतात. मेवेदर-पॅकियाओ ४६ लाख घरांनी विकत घेतली, टीव्हीतून ४० कोटी डॉलरच्या वर जमा झाले, तिकिटांचे ७ कोटी २० लाख वेगळे. २०१० मध्ये एवढे जमले नसते. पाच वर्षांच्या भांडणानंच भूक वाढवली होती. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला हे कळतं, म्हणून घाई कुणालाच नसते. प्रमोटर सत्तरीतही प्रमोटर असतो, टीव्ही कंपनी म्हातारी होत नाही. वय फक्त रिंगमधल्या दोघांचं वाढतं. डिसेंबर २०१२ मध्ये मार्केझच्या एका उजव्या ठोशानं पॅकियाओ तोंडावर पडला आणि कितीतरी वेळ हलला नाही. २०१५ मध्ये तो ३६ वर्षांचा होता, मेवेदर ३८ चा, आणि पॅकियाओ दुखऱ्या खांद्यानं बारा फेऱ्या लढला. हिशोबात ती लढत विक्रमी ठरली. मी ती पहाटे उठून पाहिली आणि सातव्या-आठव्या फेरीपासून मला २००९ चा पॅकियाओच आठवत राहिला, ज्यानं कोट्टोला बाराव्या फेरीपर्यंत मागे रेटत नेलं होतं.